कृत्रिम पाय, कृत्रिम डोळा आणि मालकीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्याच्या प्रश्नावर आपण बोलू लागलो की आपली गाडी ठराविक स्थानकांवर थांबते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, औषधांचा साठा संपलेला आहे, अंदाजपत्रकातील तरतूद अपुरी आहे, खाजगी इस्पितळे लुबाडतात. हे सारे खरे आहे आणि ते पुनःपुन्हा सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या साधनांवर आजचे वैद्यक उभे आहे, म्हणजे कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची, हृदयाची झडप, बोटाला लावण्याचा प्राणवायुमापक आणि अलीकडे रुग्णांची माहिती साठविणारे संगणक, त्यांचे संशोधन कोण करतो, कोणाला डोळ्यांसमोर ठेवून करतो आणि संशोधन पुरे झाल्यावर त्या ज्ञानाचा धनी कोण होतो, हा प्रश्न मात्र आपण तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. जमीन कोणाची हा प्रश्न आपण कधी केवळ कृषितज्ज्ञांवर सोपविला नव्हता. मग हाच का सोपवावा?

प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार एकट्या महाराष्ट्रात होत्या. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले, तेव्हा खरी संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे. (मी 'अपंग' हा जुनाच शब्द वापरतो आहे. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' म्हणतात. शब्द सन्मानाचा असावा याबद्दल वाद नाही. पण शब्द बदलला आणि कचेरीच्या पायऱ्या तशाच राहिल्या, तर त्या सन्मानाचे मोल काय, हे त्या पायऱ्या हातांवर चढणाऱ्यालाच विचारावे.)

हात-पाय कोणाचे जातात, याकडेही पाहा. मळणीयंत्रात हात सापडतो तो बहुधा शेतमजुराचा. हिरव्या क्रांतीनंतर उत्तर भारतात असे अपघात इतके वाढले की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मुंबईत लोकलखाली पाय जातो तो गर्दीत दाराशी लोंबकळणाऱ्या नोकरदाराचा. मधुमेहाने पाय कापावा लागतो तो पुष्कळदा वेळेवर उपचार न मिळाल्याने. अवयव गमावण्यालाही वर्ग असतो. असे असेल, तर अवयव परत देणाऱ्या शास्त्राने कोणत्या वर्गाच्या जीवनाचा अभ्यास करावयास हवा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रत्यक्षात काय घडत आले आहे, हे समजून घेण्यासाठी मी जयपूरच्या पायाची हकिगत जरा विस्ताराने सांगणार आहे. नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. हकिगत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

१९६० च्या दशकात आपल्याकडे जो कृत्रिम पाय बसविला जाई, त्याचा नमुना पाश्चात्त्य होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकसित झालेले ते पाऊल होते: घोट्याशी घट्ट, टाचेशी मऊ गादी, वरून बूट चढविण्यासाठी बनविलेले. ज्या समाजात मनुष्य सकाळी बूट घालतो, खुर्चीवर बसतो, टेबलाशी जेवतो आणि सपाट रस्त्यावरून चालतो, त्या समाजासाठी ते उत्तम होते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले की, असे पाय बसवून घरी गेलेले रुग्ण काही काळाने पुन्हा कुबड्या घेऊन दिसतात. पाय घरात कोपऱ्यात पडलेला असतो. रुग्ण अडाणी आहे, त्याला नव्या साधनाची सवय होत नाही, असा निष्कर्ष काढून स्वस्थ बसणे सोपे होते. सेठींनी तसे केले नाही. तो पाय घालून शेतातल्या चिखलात उतरता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, मांडी घालून जेवता येत नाही, बूट काढल्याखेरीज देवळात वा मशिदीत जाता येत नाही आणि बूट काढला तर चालता येत नाही, हे त्यांनी ओळखले. साधन निकामी होते. दोष मात्र माणसाला चिकटविला जात होता.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. लोक त्यांना 'मास्टरजी' म्हणत. शिक्षण जेमतेम, पण हात विलक्षण कुशल. रुग्णांना हस्तकला शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. सायकलच्या पंक्चरच्या निमित्ताने दुकानात थांबले असता ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढविताना त्यांनी पाहिले आणि पाऊल अशाच रबराचे का होऊ नये, असे त्यांच्या मनात आले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पुढे प्रयोग झाले, फसले, पुन्हा झाले आणि १९६८ च्या सुमारास जे पाऊल सिद्ध झाले, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. टाचेत आणि पुढच्या भागात सच्छिद्र स्पंजी रबराचे ठोकळे, घोट्यात लाकूड, आणि हे सारे साच्यात घालून उष्णतेने पक्के केलेल्या, कातडीच्या रंगाच्या रबराच्या आवरणात बंद. हे पाऊल वळते, मुरडते, पाणी लागून बिघडत नाही आणि त्याला बुटाची गरज नाही. पायाची नळी ॲल्युमिनिअमच्या पत्र्याची; ती घडविण्यास परदेशी यंत्र नको, पत्रा ठोकणारा कुशल कारागीर हवा. अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या माणसाचे जीवन हीच या संशोधनाची प्रयोगशाळा होती.

या कामासाठी डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ते सर्वथा योग्य होते. पारितोषिक एकट्या डॉक्टरांच्या नावे होते, हेही नमूद करून ठेवू. शास्त्र विद्यापीठात जन्मते आणि कारागिराकडे फक्त 'अंमलबजावणी' असते, ही आपल्या वर्णव्यवस्थेने रुजविलेली समजूत पारितोषिकांच्या यादीतही डोकावते. सेठींनी या पावलाचे एकस्व घेतले नाही, आणि जो शिकेल त्याने ते करावे, ही वाट त्यामुळे मोकळी राहिली. म्हणूनच पुढे भूसुरुंगांनी पाय गमावलेल्या अफगाण आणि कंबोडियन माणसांपर्यंत ते पोहोचू शकले.

आता या कथेचा दुसरा, कमी सांगितला जाणारा भाग. १९६८ ते १९७५ या सात वर्षांत हा पाय किती जणांना मिळाला? साठांहूनही कमी. शोध लागला होता, स्वस्त होता, उपयुक्त होता; तरीही तो रुग्णालयाच्या भिंतीत राहिला. गावाहून आलेला गरीब मनुष्य मोजमापासाठी एकदा, बसविण्यासाठी पुन्हा, दुरुस्तीसाठी तिसऱ्यांदा शहरात येऊ शकत नाही. त्याची मजुरी बुडते, मुक्कामाची सोय नसते. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. आलेल्याला निवारा, जेवण आणि पाय हे तिन्ही विनामूल्य, तेही शक्य तितक्या थोड्या दिवसांत, अशी व्यवस्था उभी राहिली, तेव्हा कुठे हे पाऊल लाखांच्या संख्येने चालू लागले. शोधाइतकीच संघटना महत्त्वाची असते, हे कार्यकर्त्यांना तरी पटावयास हवे.

परंतु येथे मला एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. या वाटपातून आपल्याकडे एक शिबिरी वृत्ती निर्माण झाली. मंडप, पुढारी, हार, छायाचित्रे, ओळीने ठेवलेल्या तीनचाकी. आपल्यापैकी पुष्कळांनी अशी शिबिरे भरविली आहेत आणि सद्भावनेनेच भरविली आहेत. पण सहा महिन्यांनी पट्टा तुटतो, मांडीचा उरलेला भाग सुकून पाय सैल होतो, त्यावर जखम होते, तेव्हा त्या माणसाने कोणाकडे जावयाचे? मंडप तर उठलेला असतो. जयपूरच्या पायालाही मर्यादा आहेतच: तो वजनाला जड, ठिकठिकाणी बनणाऱ्या पायांचा दर्जा एकसारखा नाही. त्या दूर करण्याचे काम सातत्याच्या संशोधनाचे आहे, दानाचे नव्हे. केंद्र सरकारने कानपूरला कृत्रिम अवयव निर्मिती महामंडळ १९७२ साली स्थापन केले, साधने देण्यासाठी साहाय्य योजना १९८१ साली आणली. योजना चांगली, तीही मात्र शिबिराच्याच वाटेने गेली. आणि दुसऱ्या हाताने काय झाले? २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा चाकांच्या खुर्चीवर आणि ब्रेल टंकयंत्रावर पाच टक्के कर बसला. अपंगांच्या संघटनांनी त्याला चालण्यावरचा आणि वाचण्यावरचा कर म्हटले, यात काही अतिशयोक्ती नव्हती.

आता कोणी म्हणेल, पाऊल ही साधी वस्तू झाली. गुंतागुंतीच्या उपकरणांना कोट्यवधींचे भांडवल लागते, ते नफ्याच्या आशेशिवाय कोण घालील? हा आक्षेप गंभीर आहे आणि घोषणेने त्याचे उत्तर देता येणार नाही. म्हणून दोन उदाहरणे घेऊ.

तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था. डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिने हृदयाची कृत्रिम झडप बनविण्याचे ठरविले. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी होण्याचा रोग हा दाटीवाटीच्या घरांत वाढणाऱ्या गरीब मुलांचा रोग. आणि झडप मात्र परदेशातून आणावयाची, डॉलर मोजून. झडप मिनिटाला सत्तर वेळा, वर्षानुवर्षे उघडमिट करते. त्यात एक बारीक भेग म्हणजे मृत्यू. संस्थेचे पहिले तीन नमुने कसोटीत फसले. चौथा उतरला आणि १९९० च्या डिसेंबरात तो प्रथम रुग्णात बसविला गेला. तीनदा अपयशी होण्याचे स्वातंत्र्य कोणी दिले? सार्वजनिक पैशाने दिले. तीन महिन्यांनी ताळेबंद पाहणाऱ्या भागधारकाने ते दिले असते काय? पुढे उत्पादन खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले. आपल्यातील काहींना ते रुचणार नाही, पण झडप परदेशी मालाच्या काही अंशाने कमी किंमतीत मिळू लागली हे मान्य करावे लागेल.

दुसरे उदाहरण मदुराईचे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवावयाचे भिंग १९९० च्या आसपास परदेशातून येई आणि त्याला शंभर डॉलरच्या आसपास किंमत पडे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न अशी ऑरोलॅब ही ना-नफा संस्था १९९२ साली निघाली आणि तेच भिंग दहा डॉलर व पुढे त्याहूनही कमी किंमतीत बनू लागले. म्हणजे उरलेले नव्वद डॉलर भिंगाचे नव्हते, मालकीचे होते. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने हृदयवाहिनीत घालावयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवून दिली: साध्याची ७,२६० रुपये, औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये. आदल्या दिवसापर्यंत औषधयुक्त स्टेंटसाठी लोक लाख-सव्वा लाख मोजत होते. त्या एका आदेशाने जे साध्य झाले, ते कित्येक धर्मादाय खाटांनी झाले नसते.

मात्र किंमत हा मालकीच्या प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग समजण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागते. कॅलिफोर्नियातील सेकंड साइट या कंपनीने 'आर्गस' नावाचा कृत्रिम डोळा बनविला. डोळ्याच्या पडद्यावर विद्युतअग्रांची जाळी बसवावयाची, चष्म्यातील कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य तिच्याकडे पाठवावयाचे. अंध मनुष्यास पूर्ण दृष्टी नाही, पण उजेड-अंधाराचे आकार दिसतात. २०११ साली युरोपात आणि २०१३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी तो बसवून घेतला. विज्ञानाचा हा विक्रम होता, त्याला मी मनापासून नमस्कार करतो. २०१९ साली कंपनीने हे उत्पादन बंद केले, कारण त्यात नफा दिसेना. २०२० साली ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. ज्यांच्या डोळ्यांत ती जाळी होती, त्यांच्या यंत्राचा भाग बिघडला तर सुटा भाग नाही, दुरुस्त करणारा नाही, माहिती देणारा नाही. २०२२ साली हे प्रकरण तेथील अभियंत्यांच्या नियतकालिकाने उजेडात आणले. माणसाच्या स्वतःच्या डोळ्यात बसलेली वस्तू, आणि तिच्यावर त्याचा अधिकार नाही! गिरणीत यंत्र मालकाचे आणि हात कामगाराचे, एवढे आपण जाणत होतो. येथे यंत्र शरीरातच शिरले आणि मालक बाहेर राहिला.

अमेरिकेतच कोलोरॅडो राज्याने २०२२ साली विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्च्यांसाठी दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. सुटे भाग, हत्यारे आणि माहितीपुस्तिका कंपनीने ग्राहकाला व स्वतंत्र कारागिराला द्यावी, असे तो सांगतो. भांडवलशाहीच्या माहेरघरी अपंगांनी झगडून हे मिळविले. आपल्याकडे या मागणीचा उच्चारही क्वचितच होतो.

येथवर मी वस्तूंबद्दल बोललो. आता माहितीकडे वळतो, कारण आजचे उपकरण ही माहितीची खाणही असते. दुवा म्हणून करोनाच्या साथीत घरोघरी आलेला प्राणवायुमापक घ्या. २०२१ च्या लाटेत ९४ या आकड्याकडे डोळे लावून कुटुंबे बसलेली असत. हे यंत्र बोटातून लाल व अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायू अजमावते. त्या प्रकाशाचा अर्थ लावण्याचे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवरील मोजमापातून तयार होते, आणि ते बहुतांशी उजळ त्वचेचे होते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० च्या डिसेंबरात दाखवून दिले की यंत्र ९२ ते ९६ असा दिलासा देत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोक्याच्या खाली गेल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत शेकडा चारांच्या आत, तर कृष्णवर्णीयांत शेकडा बाराच्या घरात होते. यंत्राला वर्णद्वेष माहीत नसतो. पण ज्यांच्यावर मोजले त्यांच्यासाठी ते अधिक खरे बोलते. हे यंत्र प्रथम जपानमध्ये कल्पिले गेल्याला जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावर ही चर्चा ऐरणीवर यावी, यातच सारे आले.

आपल्या देशात २०२१ च्या सप्टेंबरपासून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य योजना सर्वत्र लागू झाली. प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक आणि त्याला जोडलेला आजारपणाचा इतिहास, अशी कल्पना आहे. मी तिचा सरसकट विरोधक नाही. स्थलांतरित ऊसतोड कामगाराचे क्षयाचे उपचार जिल्हा बदलल्यावर तुटतात, ते अशा नोंदीमुळे तुटणार नसतील, तर ती नोंद मला हवी आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ही माहिती लिहितो कोण? गावात ती लिहिते आशा. तिला सरकार कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते आणि कामागणिक मोबदला देते. दिवसभर घरोघर हिंडून रात्री मोबाइलवर रकाने भरण्याचे काम तिच्याकडे आले. २०२१ साली हरियानातील आशांनी त्यांच्या फोनवर लादलेल्या एका ॲपला विरोध केला, कारण त्यातून त्यांच्यावरच पाळत ठेवता येते असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रातील आशांच्या २०२३ च्या संपातही ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही मागणी होती. काही वृत्तपत्रीय पंडितांनी याला तंत्रज्ञानाची भीती म्हटले. मला त्यात जयपूरच्या कोपऱ्यात पडलेला तो बुटाचा पाय दिसतो. साधन वापरणारा ते टाकून देतो, तेव्हा आधी साधन तपासावे.

आणि ही माहिती सुरक्षित आहे काय? २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातील सर्वांत नामवंत रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर चालले. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला; त्यातून सरकार आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकते, अशी तरतूद त्यात ठेवलेली आहे. रुग्णांच्या आजारांची ही प्रचंड शिदोरी विमा कंपन्यांना आणि उपकरणे बनविणाऱ्यांना हवीच असणार. तिच्यातून उद्या नवी साधने निघतील. त्या साधनांवर ज्यांच्या आजारातून ती जन्मली त्यांचा काही हक्क राहील काय, की ऑरोलॅबपूर्वीच्या भिंगासारखी तीच आपल्याला दसपटीने विकत घ्यावी लागतील?

संसदेत मांडावयाच्या मागण्या आपला पक्ष मांडील; सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचे ज्ञान सर्वांना खुले असावे, उपकरणांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्यात यावा, अपंगांच्या साधनांवर कर नसावा. पण तोवर तालुक्यात करण्याजोगे एक काम आहे आणि त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा महाराष्ट्र शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. आपल्या गावात तो गेल्या तीन वर्षांत कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. बहुतेक ठिकाणी वाटपाचे उत्तर येईल. तालुक्यातील ग्रामपंचायतींनी या निधीचा काही भाग एकत्र करून आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी उघडणारे एक दुरुस्ती केंद्र चालवावे, असा ठराव मांडा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेली मुले तालुक्यात आहेत, वेल्डिंगवाला आहे, चांभारकाम जाणणारा आहे, सायकल दुरुस्त करणारा आहे; पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात किंवा मुंबईच्या हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत अनेक दशकांचे ज्ञान साठलेले आहे, त्यांच्याकडे शिकण्याची सोय मागा. केंद्रात एक वही ठेवा. कोणते साधन, कोणी दिले, कधी दिले, कुठे मोडले आणि ते वापरणाऱ्याचे त्यावर म्हणणे काय, एवढेच तीत लिहा. नाव लिहावयाचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवू द्या. वर्षभराने ती वही जिल्हा परिषदेच्या सभेत वाचून दाखवा आणि तिची एक प्रत कानपूरच्या महामंडळाकडे पाठवा.